दुभंगलेले दूध : जॉर्डनचा जमीद, अरबी शब्दपरंपरा आणि भाषांतराचा प्रश्न

१. एका शब्दाची अडचण

रमजानचा महिना संपल्यावर द्यावयाच्या दानासंबंधी अबू सईद अल-खुद्री यांच्या नावे एक हदीस सांगितली जाते. पैगंबरांच्या काळी हे दान कशा रूपाने देत असत, याची एक छोटी यादी तिच्यात आहे : धान्य, जव, खजूर, अकित आणि मनुका, यांपैकी कोणतीही एक वस्तू, एक साअ या मापाने. या यादीतील चार नावांपाशी भाषांतरकाराला क्षणभरही थांबावे लागत नाही. पाचव्यापाशी मात्र सगळेच अडखळतात. 'अकित' या शब्दासाठी इंग्रजी भाषांतरांत कुठे चीज, कुठे ओले ताजे चीज, तर कुठे वाळवलेले दही असे निरनिराळे पर्याय आढळतात. मराठीत हा मजकूर आणायचा झाल्यास 'पनीर' हा शब्द सर्वप्रथम सुचेल. पण तो मुळात फारसी आहे आणि आपल्याकडे त्याने आज निर्देशित होणारी मऊ, ताजी, दोन-चार दिवसांत खराब होणारी वस्तू अकितच्या अगदी विरुद्ध टोकाची आहे.

भाषांतरकाराच्या कोशात शब्द अपुरे पडले, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. 'चीज' ही संज्ञा आपण पदार्थांच्या एका सार्वत्रिक वर्गाचे नाव म्हणून वापरतो. प्रत्यक्षात तिच्यामागे युरोपातील कुरणे, थंड तळघरे आणि वासराच्या जठरातून काढलेले विरजक असा एक विशिष्ट इतिहास उभा आहे. वाळवंटी प्रदेशात दूध टिकवण्याची जी रीत विकसित झाली, तिचे तत्त्वच निराळे होते. त्या तत्त्वाचा शोध जॉर्डनमधील 'जमीद' या पदार्थाच्या आधारे घेणे आणि अरबी साहित्यातील काही परिचित स्थळे त्यामुळे कशी वेगळी दिसू लागतात हे पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. जमीद : कृती आणि तिचे तर्कशास्त्र

जॉर्डनच्या चार-पंचमांशाहून अधिक भूभागावर वर्षाकाठी २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. या कोरड्या माळरानाला आणि वाळवंटाला तेथे 'बादिया' म्हणतात. 'बदवी' हा शब्द, ज्यापासून युरोपीय भाषांतील 'बेदुइन' आला, तो याच धातूचा. पाऊस हिवाळ्यात पडतो. त्याच सुमारास मेंढ्या-बकऱ्या वितात, आणि हिवाळ्याचा शेवट ते वसंत या थोड्या महिन्यांत बादिया हिरवी असते. दूध असते ते याच काळात. उन्हाळा लागला की गवत करपते आणि जनावरे आटतात. अर्थात वर्षभराचे दूध दोन-तीन महिन्यांत मिळणार आणि ते उरलेले वर्ष पुरवायचे, हे येथील पशुपालक कुटुंबापुढचे कायमचे गणित होते.

या गणिताचे उत्तर परंपरेने स्त्रियांच्या हाती राहिले. आदल्या दिवसाच्या विरजणाने दूध आंबवायचे. ते बकरीच्या कमावलेल्या कातड्याच्या पिशवीत भरून पिशवी तिवईला टांगायची आणि तास-दोन तास पुढे-मागे हेलकावत राहायचे. आपल्याकडे रवी दह्यात फिरते. तेथे भांडेच हलते. वर येणारे लोणी वेगळे काढून कढवले की त्याचे 'सम्न', म्हणजे तूप होते. येथवर मराठी वाचकाला काहीच अपरिचित नाही. वाट वेगळी होते ती यानंतर. मागे उरलेले ताक मंद आचेवर तापवतात. त्यातील घन भाग पाण्यापासून सुटू लागला की ते कापडी पिशवीत ओतून निथळत ठेवतात. मागे राहिलेल्या गोळ्यात भरपूर मीठ घालून तो मळतात, पुन्हा निथळू देतात, आणि मग मुठीत मावतील असे गोळे वळून दिवसचे दिवस वाळवतात. अखेरीस हाती येतो तो पांढरा, दगडासारखा टणक गोळा म्हणजे जमीद. तो खाण्यायोग्य करायचा तर फोडून पाण्यात भिजवावा लागतो आणि खरबरीत भांड्यात घासून विरघळवावा लागतो.

ताक तापवल्यावर फुटते हे मराठी स्वयंपाकघरालाही ठाऊक आहे. पण आपल्याकडे कढी फुटणे हा दोष. तो टाळण्यासाठीच तिला बेसन लावतात. बादियातील गृहिणीच्या दृष्टीने ताक फुटणे हेच साध्य. आपला चक्काही कापडात बांधूनच होतो; पण तो दह्याचा, म्हणजे लोणी न काढलेला, असतो आणि त्याचे आयुष्य श्रीखंडापुरते. जमीद चक्क्याचा नव्हे तर ताकाचा केला जातो, आणि या फरकात त्या कृतीचे सारे मर्म आहे. दूध नासण्याची कारणे मुख्यतः दोन : पाण्यामुळे वाढणारे जंतू आणि हवेने खवट होणारी चरबी. वाळवंटी रीत आधी दुधाची दोन शकले करते. चरबी लोण्याच्या रूपाने एकीकडे जाते आणि पाणी उडून तिचे तूप होते. प्रथिने ताकाच्या रूपाने दुसरीकडे जातात आणि मीठ, आंबटपणा व ऊन यांच्या साहाय्याने तीही कोरडी होतात. चरबी जवळजवळ नसल्यामुळे जमीद खवट होत नाही, आणि पाणी नसल्यामुळे तूप नासत नाही. युरोपीय परंपरेतील बहुतेक चीज चरबी आणि प्रथिने एकत्र गोठवून, ओलाव्यात, काळजीपूर्वक मुरवले जाते. वाळवंटात तळघराचा गारवा नाही. तेव्हा तेथे दूध दुभंगूनच टिकवले गेले.

ही रीत किती जुनी असावी? मृत समुद्राच्या ईशान्येस, जॉर्डनमधील तुलैलात अल-घस्सूल या स्थळी १९२९ ते १९३८ या काळात उत्खनन झाले आणि त्यावरून तेथील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला 'घस्सूली' हे नाव मिळाले. या संस्कृतीच्या स्थळांवर मातीची जी घुसळणीची भांडी सापडतात, ती आडवी, फुगीर आणि दोन टोकांना कान असलेली आहेत. म्हणजे ती टांगून हेलकावण्यासाठीच घडवलेली आहेत आणि त्यांचा आकार कातडी पिशवीची आठवण करून देतो. उत्तर नेगेव्हमधील गिलात येथे तर डोक्यावर असेच भांडे घेतलेल्या स्त्रीची मृण्मूर्ती सापडली आहे. ताकाचे पुढे काय होत होते हे ही भांडी सांगत नाहीत. परंतु लोणी वेगळे काढण्याची क्रिया आणि तिचा स्त्रीशी असलेला संबंध किमान साडेपाच-सहा हजार वर्षांचा आहे, इतके त्यावरून म्हणता येते.

३. अकित, जुब्न, जमीद

अरबी भाषेने या दोन रीतींचा भेद आपल्या शब्दांत जपला आहे. विरजकाने गोठवलेल्या चीजसाठी तिच्यात 'जुब्न' हा शब्द आहे. हिब्रू 'गेविना' हा त्याचाच सगोत्र. अकित मात्र स्वतंत्र शब्द आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस इब्न मंजूर याने सिद्ध केलेल्या 'लिसानुल अरब' या कोशात अकितची व्याख्या घुसळलेल्या दुधापासून केलेला, शिजवून निथळू दिलेला पदार्थ अशी दिली आहे. आज जॉर्डनमध्ये जमीदसाठी जी कृती सांगितली जाते, तिची मुख्य अंगे या व्याख्येत आहेत. 'जमीद' हा शब्द 'गोठणे, घट्ट होणे' या अर्थाच्या 'ज-म-द' या धातूपासून आला आहे. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा धातू अनोळखी नाही. आपल्या जुन्या कागदपत्रांतील 'जमादिलावल' आणि 'जमादिलाखर' ही महिन्यांची नावे अरबी 'जुमादा'ची रूपे आहेत, आणि पाणी गोठण्याच्या ऋतूवरून ते नाव पडले अशी पारंपरिक उपपत्ती अरबी कोशकार देतात.

जुब्न आणि अकित यांच्याकडे पाहण्याची दृष्टीही वेगळी होती. तबूकच्या मोहिमेत (इ. स. ६३०) पैगंबरांपुढे जुब्न आणले गेले, तेव्हा त्यांनी सुरी मागवली आणि ईश्वराचे नाव घेऊन ते कापले, अशी एक हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. साधा प्रसंग, परंतु तो नोंदवून ठेवावासा वाटला यात अर्थ आहे. जुब्नसाठी लागणारे विरजक कत्तल केलेल्या जनावराच्या जठरातून येते. ते जनावर कोणी आणि कसे मारले, हा प्रश्न त्यामुळे उद्भवतो, आणि अग्निपूजकांनी केलेले जुब्न खावे की न खावे यावर पुढील काळातील धर्मशास्त्रज्ञांनी चर्चा केलेली आहे. अकितला विरजक लागत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल ही शंका निर्माण होण्याचे कारण नव्हते. परक्याच्या हातचे असू शकते ते जुब्न. घरचे, आपल्या कळपाचे ते अकित. दोन्हींना एकाच 'चीज' शब्दाने भाषांतरित केले की एका समाजाने स्वतःच्या आणि परक्याच्या अन्नामध्ये आखलेली ही रेषा पुसली जाते.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करणे इष्ट. वाळवंट म्हटले की उंट डोळ्यांपुढे येतो आणि वाळवंटी चीज उंटिणीच्या दुधाचे असावे असे गृहीत धरले जाते. परंतु उंटिणीचे दूध सहजी गोठत नाही. दुधाच्या गोठण्यात कळीची भूमिका बजावणारे कॅपा-केसिन गायीच्या दुधातील एकूण केसिनच्या सुमारे १३ टक्के असते. उंटिणीच्या दुधात ते जेमतेम ३.५ टक्के भरते. त्यामुळे ते दूध मुख्यतः ताजे किंवा आंबवून पिण्याचे राहिले. जमीदची परंपरा मेंढ्या-बकऱ्यांची आहे, आणि हे ध्यानात घेतले तरच पुढील साहित्यिक पुरावा नीट समजतो.

४. साहित्यातील जोडी

सहाव्या शतकातील कवी इम्रुल कैस याच्या नावावर नोंदलेली एक छोटी कविता आहे. तीत वक्ता उंट गमावल्यावर बकऱ्यांवर समाधान मानण्याची भाषा करतो, आणि या बकऱ्यांमुळे घरात येणाऱ्या दोन वस्तूंची नावे घेतो : अकित आणि सम्न. उंट हे प्रतिष्ठेचे धन, बकरी हे पोटापुरते धन. राजकुलात जन्मलेल्या या कवीच्या तोंडी तो संतोष आहे की बोचरा उपहास, यावर मतभेद होऊ शकतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती ही जोडी. अकित आणि सम्न या संपत्तीच्या यादीतील दोन सुट्या वस्तू नव्हेत. ती एकाच दुधाची दोन शकले आहेत. त्यांचा एकत्र उच्चार झाला की दुधाचा एक संपूर्ण हंगाम सांगून होतो. 'चीज आणि लोणी' असे भाषांतर केल्यास दोन खाद्यपदार्थ उरतात; त्यांतील पूर्णत्वाची जाणीव हरवते.

हीच जोडी हदीसवाङ्मयातही पुन्हा भेटते. इब्न अब्बास यांची मावशी उम्म हुफैद हिने पैगंबरांना भेट म्हणून सम्न, अकित आणि वाळवंटातील घोरपडीसारखा प्राणी पाठवला. त्यांनी पहिल्या दोन वस्तू खाल्ल्या आणि तिसरी, आवडत नसल्यामुळे, बाजूला ठेवली. ती निषिद्ध असती तर त्यांच्या पंक्तीला इतरांनी खाल्ली नसती, असा निष्कर्ष इब्न अब्बास यांनी काढल्याचे नोंदले आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने कथेचा रोख त्या प्राण्यावर आहे. साहित्याच्या दृष्टीने पाहिले तर अकित आणि सम्न येथे कोणताही प्रश्न न विचारता स्वीकारायचे अन्न म्हणून येतात. वादग्रस्त वस्तूचे वेगळेपण त्यांच्या शेजारामुळेच उठून दिसते.

या दोन शकलांचे पुनर्मीलन होते ते 'हैस' या पदार्थात. खैबरच्या मोहिमेनंतर (इ. स. ६२८) मदिनेच्या वाटेवर पैगंबर आणि सफिय्या यांच्या विवाहाचे भोजन झाले. त्यात ना भाकरी होती ना मांस. कातड्याचे आच्छादन अंथरले गेले, लोकांनी खजूर, अकित आणि सम्न आणून टाकले आणि त्यांचे हैस केले, असे कथन आहे. प्रवासातील, सामग्री नसलेली ही मेजवानी आहे. अकितला तेथे स्थान मिळते ते त्याच्या टिकाऊपणामुळे. परंतु त्याहून अर्थपूर्ण गोष्ट अशी की, महिन्यांपूर्वी घुसळणीत वेगळी झालेली चरबी आणि प्रथिने येथे, विवाहाच्या निमित्ताने, पुन्हा एकत्र येतात. टिकवण्यासाठी दूध विभागायचे आणि माणसे जमली की ते पुन्हा जुळवायचे, ही या खाद्यसंस्कृतीची मूळ लय आहे असे मला वाटते.

नागर साहित्यात या लयीचा पत्ता लागत नाही. दहाव्या शतकातील अल-हमदानी याच्या मकामांपैकी 'मदीरा' हे प्रकरण प्रसिद्ध आहे. मदीरा म्हणजे आंबट दुधात शिजवलेले मांस. त्या जेवणाला बोलावणारा बगदादचा व्यापारी आपले घर, दार, गुलाम, भांडी या सर्वांच्या किमती पाहुण्याला इतक्या तपशिलाने ऐकवतो की पाहुणा न जेवताच पळ काढतो आणि पुढे मदीरेचे नाव काढले तरी घाबरतो. आंबट दूध आणि मांस यांची जोडी येथेही आहे. पण येथे प्रत्येक वस्तूला किंमत आहे, आणि किमतींच्या त्या ओझ्याखाली आतिथ्य मरते. या विनोदाची धार समजण्यासाठी विक्री आणि आतिथ्य यांचे बादियातील नाते पाहिले पाहिजे.

५. करक : विकणे आणि वाढणे

जमीदसाठी जॉर्डनमध्ये सर्वाधिक नाव आहे ते मृत समुद्राच्या पूर्वेकडील करक या डोंगरी शहराचे. स्विस प्रवासी योहान लुडविग बर्कहार्ट १८१२ च्या उन्हाळ्यात तेथे राहिला होता. त्याचे सीरियाविषयीचे प्रवासवृत्त त्याच्या मृत्यूनंतर, १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. करकच्या रहिवाशांबद्दल त्यात एक लक्षणीय नोंद आहे : तूप विकणे तेथे लाजिरवाणे समजत आणि 'तूपविक्या' ही तेथील मोठी शिवी होती. तूप पाहुण्यासाठी असते. ते विकणारा आपल्या भावी पाहुण्याचा वाटा विकतो, असा त्यामागील विचार दिसतो.

मराठी वाचकाला येथे 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' ही म्हण आठवेल. आपल्या गावगाड्यात लोणी-तुपाला भाव होता. ताक मात्र शेजाऱ्याला फुकट द्यायचे. म्हणीतील संकोच आहे तो मागणाऱ्याचा. करकमधील लाज विकणाऱ्याची आहे. दोन्हीकडे दुधाच्या एका अंशाला बाजाराबाहेर ठेवलेले आहे. फक्त कोणत्या अंशाला, हे निसर्गाने ठरवले. बाराही महिने कुठे ना कुठे दुभते असलेल्या मुलखात ताक रोजचे आणि म्हणून फुकटचे. दूध वर्षातून एकदाच येणाऱ्या मुलखात तेच ताक साठवणीचे धन ठरते.

करकच्या आतिथ्याचे आजचे रूप म्हणजे 'मन्सफ' : जमीदच्या रश्शात शिजवलेले मेंढीचे मांस, खाली पातळ रोटी, वर भात आणि तूप. पूर्वी भाताच्या जागी दळलेला वा भरडलेला गहू असे. तांदूळ आला तो विसाव्या शतकात. विवाह, अंत्यविधी, तंट्यातील समेट अशा प्रसंगी मन्सफचे मोठे ताट मांडले जाते आणि अनेकजण त्याभोवती उभे राहून उजव्या हाताने जेवतात. हैसप्रमाणेच येथेही जमीद आणि सम्न एका ताटात परत येतात. तंटा मिटवताना हेच अन्न का, याचे एक उत्तर कदाचित या पुनर्मीलनात शोधता येईल. मात्र हे अन्वयार्थाच्या पातळीवरचे विधान आहे, हे स्पष्ट केले पाहिजे.

२०२२ मध्ये युनेस्कोने जॉर्डनच्या मन्सफचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला. ताटाला मान्यता मिळाली. ताटामागील घुसळणीचे मात्र दरम्यान बरेच काही बदलले होते. भटकी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली, कातडी पिशवीची जागा यंत्राने घेतली, गायीच्या दुधाचा जमीदही होऊ लागला आणि भिजवण्या-घासण्याचे श्रम वाचवणारा पातळ जमीद खोक्यांतून मिळू लागला. ज्या गावी 'तूपविक्या' ही शिवी होती, त्याच गावाचे नाव आता विक्रीच्या जमीदचे मोल वाढवते. यात केवळ ऱ्हास पाहणे योग्य होणार नाही. ज्या स्त्रियांच्या श्रमाला पूर्वी दामच नव्हता, त्यांना या विक्रीतून उत्पन्नाची वाट मिळू शकते. परंतु राष्ट्रीय प्रतीक म्हणून मेजवानी पुढे येते तेव्हा ती शक्य करणारी साठवण मागे पडते, हेही विसरता कामा नये.

६. उपसंहार

ताक सुकवून दगड करण्याची युक्ती अरबांपुरती मर्यादित नाही. अकराव्या शतकात महमूद काशगरी याने आपल्या तुर्की-अरबी कोशात 'कुरुत' हा शब्द नोंदवला. विल्यम रुब्रुक हा फ्रान्सिस्कन साधू १२५३ ते १२५५ या काळात मंगोलांच्या मुलखात गेला, तेव्हा त्यानेही लोणी काढलेल्या दुधाचे लोखंडाच्या कीटासारखे कठीण गोळे पाहिले. हिवाळ्यात दूध आटले की ते गरम पाण्यात घोळून पीत, असे तो लिहितो. फारसीतील 'कश्क' आणि मंगोलीतील 'आरूल' हे याच कुळातले शब्द म्हणून मांडता येतील. यांचा परस्पर उसनवारीचा इतिहास लावणे हे स्वतंत्र काम आहे. तूर्त एवढे दिसते की, कोरड्या प्रदेशांच्या या विस्तीर्ण पट्ट्यात 'चीज' नावाच्या वर्गाची गरज भासली नाही. तेथे वर्ग पडले ते दुभंगलेल्या दुधाच्या दोन भागांचे.

तौलनिक साहित्याभ्यासात आपण आशयसूत्रे, प्रकार आणि प्रभाव यांची तुलना करतो, आणि ज्या वस्तूंच्या आधारे ती उभी राहते त्यांची नावे मात्र सहज समानार्थी मानून पुढे जातो. अकितचे उदाहरण अशा घाईविरुद्ध इशारा देते. मराठीत त्याच्यासाठी काय लिहावे? 'पनीर' लिहिल्यास टिकाऊपणा जातो, 'चीज' लिहिल्यास विरजक येते, 'वाळवलेले दही' लिहिल्यास लोणी आत राहते आणि सम्नशी असलेले नाते तुटते. 'वाळवलेले ताक' हा शब्दप्रयोग ऐकायला विचित्र वाटेल. पण चारांपैकी खरा तोच आहे. शिवाय ज्या भाषेत ताक फुकट द्यायचे असते, त्या भाषेच्या वाचकाला तो विचित्र वाटणे उपयोगाचेच आहे. दानाच्या त्या यादीत जव आणि खजुराच्या बरोबरीने ताक मोजून द्यावे लागले होते, हे त्याला त्यामुळे थांबून वाचावे लागेल.